फ्लू केसपेपरवर येतो तेव्हा

एरवीच्या वर्षात हॉस्पिटलात फ्लूचा पेशंट शोधायला निघालात तर चटकन सापडणार नाही. तो असतो, पण त्याच्या केसपेपरवर भलतंच काही लिहिलेलं असतं. न्यूमोनिया. दमा बळावला. हृदयाचं पंपिंग कमी झालंय. खुब्याचं हाड मोडलेल्या आजी असतात. त्या पडल्या कशा, तर दोन दिवस अंगात कणकण होती, उठताना तोल गेला. कणकण कशाची होती हे विचारायच्या आत एक्स-रे येतो, ऑपरेशनची वेळ ठरते आणि तो धागा तिथेच सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नेहमीच्या फ्लूने दरवर्षी ३० ते ५० लाख माणसं गंभीर आजारी पडतात आणि निव्वळ श्वसनाच्या कारणांनी २,९०,००० ते ६,५०,००० दगावतात. एवढी माणसं कुठल्या ना कुठल्या वॉर्डातून जात असणारच. पण राउंड घेताना 'हा फ्लूचा पेशंट' असं वाक्य मी साध्या वर्षात फार कमी वेळा ऐकलं आहे.

२०१८ साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू नक्की झालेल्या माणसाला पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅक येण्याचं प्रमाण त्याच माणसाच्या इतर काळाच्या तुलनेत सुमारे सहापट असतं, असं त्यात दिसलं. छाती धरून आलेल्या माणसाला कॅथलॅबकडे पळवताना त्याच्या नाकात स्वॅब घालायचं कुणाला सुचत नाही, आणि त्या घाईत सुचूही नये. पण नंतर, सगळं स्थिरस्थावर झाल्यावरही सुचत नाही.

महासाथ आली की हे एकदम पालटतं. आयसीयूत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे, की फ्लूच्या महासाथीचा फ्लूच्या पेशंटवर होणारा पहिला परिणाम चांगला असतो: लोक त्याला ओळखायला लागतात. त्याचे हाल व्हायला त्याच्याच पाठोपाठ सुरुवात होते, कारण ओळखणाऱ्यांचे हात पुरेनासे होतात. या दोन्ही गोष्टी एकाच वॉर्डात, एकाच दिवशी चाललेल्या असतात. त्यामुळे महासाथीत उपचार सुधारतात की बिघडतात, या प्रश्नाला मी सरळ उत्तर देऊ शकत नाही.

२००९चा एप्रिल घ्या. मेक्सिको आणि अमेरिकेतून नव्या एच१एन१च्या, म्हणजे स्वाइन फ्लूच्या, बातम्या यायला लागल्या आणि ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. तोवर आमच्याकडे धाप लागलेला पेशंट आला की विचार ठरलेल्या रुळावरून जायचा: कुठले जंतू, कुठलं अँटिबायोटिक, रक्ताचे कल्चर घेतले का. आता रुळ बदलला. ताप आणि धाप असेल तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत फ्लूच. स्वॅब घ्या आणि टॅमिफ्लू या फ्लूच्या विषाणूवरच्या औषधाचा पहिला डोस द्या, रिपोर्टसाठी थांबू नका. हे 'थांबू नका' ऐकायला सोपं वाटतं, पण डॉक्टरी शिक्षणाचा अर्धा भाग 'आधी निदान, मग औषध' हे डोक्यात ठसवण्यात जातो.

न थांबण्याला कारणही होतं. त्या वेळच्या रॅपिड टेस्टवर भरवसा ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती. या नव्या विषाणूला त्या पकडत होत्या १० ते ७० टक्के, म्हणजे एखाद्या टेस्टच्या निगेटिव्हला नाणेफेकीइतकीही किंमत नव्हती. पीसीआर भरवशाची, पण तिचे नमुने ठरावीक प्रयोगशाळांत जायचे आणि तिथे ढीग लागलेले. त्यातही एक मेख होती, ती आम्ही काम करता करता शिकलो. विषाणू फुफ्फुसात खोल उतरलेला असतो तेव्हा नाकातला स्वॅब निगेटिव्ह येऊ शकतो आणि श्वासनलिकेतल्या नळीतून ओढलेला स्राव पॉझिटिव्ह. म्हणजे ज्याची तब्येत सगळ्यात वाईट, त्याचाच रिपोर्ट दिशाभूल करायची शक्यता जास्त.

औषधाच्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली, आणि हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. आदल्याच मोसमात, २००८-०९मध्ये, फिरत असलेला जुना एच१एन१ जवळजवळ पूर्णपणे टॅमिफ्लूला दाद देईनासा झाला होता. महासाथीचा विषाणू नावाने त्याचाच भाऊबंद, पण औषधाला दाद देणारा निघाला. उलटं झालं असतं तर पुढचं सगळं वेगळंच घडतं.

टॅमिफ्लूवरून पुढे जो वाद झाला तो अजून विझलेला नाही. २०१४ साली दोन मोठी विश्लेषणं आली. एकाने कंपनीच्या चाचण्यांचे कागद उकरून दाखवलं, की मोठ्या माणसांत या औषधाने लक्षणं जेमतेम १७ तास आधी कमी होतात. दुसऱ्याने ३८ देशांतल्या, २००९च्या महासाथीत ॲडमिट झालेल्या २९,२३४ पेशंटची माहिती एकत्र केली. त्यात दोन दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांत मृत्यूची शक्यता उशिरा मिळालेल्यांच्या निम्मी दिसली. लोक ही दोन्ही एकमेकांच्या अंगावर फेकतात. माझ्या मते त्या दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. घरी पांघरूण घेऊन पडलेल्या तरुणाला १७ तासांचं काय कौतुक? पण कॉटवर ऑक्सिजन लावून बसलेल्या बाईच्या बाबतीत मी दुसऱ्या आकड्याकडे बघेन. तो निरीक्षणाचा आहे, लवकर औषध मिळणारे लवकर दवाखान्यात येणारेही असतात, हे सगळं मान्य करून बघेन. डोस आधी, वाद नंतर.

आणखी एक गोष्ट आयसीयूत शिरल्याबरोबर डोळ्यांत भरत होती, ती म्हणजे वय. नेहमीच्या फ्लूत जिथे सत्तरी-ऐंशीची माणसं असतात, तिथे तिशी-चाळिशीची होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने त्यांच्या २००९च्या हिवाळ्याचा, म्हणजे जून ते ऑगस्टचा, चोख हिशेब ठेवला: आयसीयूत ७२२ पेशंट, त्यांतले ९२.७ टक्के ६५च्या आतले. ९.१ टक्के गरोदर. चारातल्या एकाहून अधिक जण खूप लठ्ठ. म्हाताऱ्यांच्या रक्तात लहानपणी भेटलेल्या तशाच विषाणूंची आठवण शिल्लक होती, तिने त्यांना बरंच वाचवलं. तरण्याताठ्यांकडे ती नव्हती.

याचा उपचारांवर काय परिणाम होतो हे आकड्यांतून कळत नाही. तरुण शरीर धाप लपवतं. पेशंट बोलतो, फोनवर हसतो आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८४. नवख्या डॉक्टरला वाटतं यंत्र बिघडलंय. मग दोन तासांत सगळं ढासळतं. सत्तरीच्या पेशंटच्या अंदाजावर घडवलेली आमची नजर तिथे कामाची नव्हती, आणि ती बदलायला आठवडे गेले. शिवाय सिस्टर आणि पेशंट एकाच वयाचे. गरोदर पेशंटच्या कॉटवर ड्युटी लावताना मेट्रन स्टाफमधल्या गरोदर मुलींना आधीच वेगळ्या वॉर्डात हलवायच्या. म्हणजे गणित आणखी अवघड, कारण सुटणारे हात नेमके तयार हातच असायचे.

एक दृश्य मला अजून जसंच्या तसं दिसतं. व्हेंटिलेटर लावलेली बाई, अंगाने चांगलीच जाड, आणि आमची सिस्टर शिंप्याचा टेप घेऊन टाळूपासून टाचेपर्यंत तिचं माप घेते आहे. बाजूला उभा असलेला नवा मुलगा गोंधळलेला. "मॅडम, वजन लिहिलंय की फाईलवर."

"वजन नको मला, उंची हवी. फुप्फुस काही खाऊन वाढत नाही रे."

तिचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. २००० सालच्या एका अमेरिकी चाचणीने दाखवलं होतं, की निकामी होत चाललेल्या फुफ्फुसात मोठे श्वास ढकलण्यापेक्षा छोटे श्वास दिले तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. हे 'छोटे' ठरतं उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला ६ मिलिलिटर या हिशेबाने. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं हिशेबाचं वजन साधारण ५२ किलो, म्हणजे एका श्वासाला ३१५ मिलिलिटरच्या आसपास. काट्यावर ती ११० भरत असेल आणि कुणी तोच आकडा धरला, तर ६६० जातात. दुपटीहून जास्त. हवेनेच फुफ्फुस फाटत जातं आणि केसपेपरवर लिहिलं जातं, 'फ्लूमुळे प्रकृती खालावली.' महासाथीत आयसीयूबाहेरून मदतीला आलेल्या माणसांना नेमकं हे टेपचं काम ठाऊक नसतं. त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी शिकवायला वेळच नसतो.

कॉटा वाढवणं सगळ्यात सोपं. रिकव्हरी रूममध्ये टाका, ऑपरेशन थिएटरमध्ये टाका, पुढे ढकलता येणारी ऑपरेशनं पुढे ढकला. मंत्री येऊन फीत कापतात ती कॉटांची. आयसीयूची कॉट म्हणजे खरं तर एक प्रशिक्षित नर्स आणि तिच्या आजूबाजूला काही वस्तू. एका नर्सकडे एक पेशंट असेल तेव्हा ती नळीत साचलेला कफ वेळेवर ओढते, सलाईन जास्त जातंय हे तिला आधी कळतं, पाठीवरची लाली जखम होण्याआधी दिसते. तिच्याकडे तीन आले की ती अलार्म ऐकून धावते, आणि अलार्म न वाजवता बिघडणाऱ्या गोष्टी बिघडत राहतात. त्यात आयसोलेशन. दार बंद, आत जायचं तर गाऊन, मास्क, ग्लोव्हज, चष्मा. काचेतून दिसतं की पेशंट हात हलवतोय. त्याला पाणी हवंय की नळी ओढतोय हे बघायला जाईपर्यंत पाच मिनिटं मोडतात. एकट्या खोलीतला पेशंट दिवसभरात किती माणसं बघतो याची मोजदाद कुणी करत नाही. मावशी मात्र आत जायच्या. फरशी पुसता पुसता "काय हो, आज बरं दिसताय" एवढं बोलून यायच्या. ते कुठल्या चार्टवर लिहायची सोय नाही.

पेशंटला पालथं घालण्याचंही असंच. उताण्या माणसाच्या फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग दबलेला असतो, पालथं केलं की तो उघडतो. करायला पाच-सहा जण लागतात. एकाने नुसती डोक्याशी उभं राहून श्वासाची नळी सांभाळायची आणि 'एक, दोन, तीन' त्यानेच म्हणायचं. २००९मध्ये हे काही ठिकाणी व्हायचं, बऱ्याच ठिकाणी नाही, कारण पक्का पुरावा नव्हता. तो आला २०१३ला, मुख्यतः फ्रान्समधल्या आयसीयूंतून: रोज किमान १६ तास पालथं ठेवलेल्यांत २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, न ठेवलेल्यांत ३२.८. औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त सहा माणसं. आणि महासाथीत ज्याचा तुटवडा असतो ती नेमकी हीच सहा माणसं. मेक्सिको सिटीतल्या श्वसनरोगांच्या राष्ट्रीय संस्थेत पहिल्या पेशंटच्या संपर्कात आलेल्या १९० कर्मचाऱ्यांपैकी २२ जणांना आठवड्याभरात फ्लूसारखा आजार झाला. सगळे बरे झाले, कुणाला ॲडमिट करावं लागलं नाही. पण ड्युटीच्या तक्त्यावर ती २२ रिकामी घरं असतात.

मागे वळून बघितलं की एक गंमत दिसते. प्रत्येक महासाथीत फ्लूच्या पेशंटला जे मिळालं ते बहुधा दुसऱ्याच आजारासाठी तयार झालेलं होतं. १९१८ला व्हेंटिलेटर नव्हता, अँटिबायोटिक नव्हतं, विषाणूचा पत्ता नव्हता. बॉस्टनजवळच्या कोरी हिलवर तंबू ठोकून पेशंटना मोकळ्या हवेत, उन्हात ठेवलं गेलं. बाकी होती ती शुश्रूषा. औषध म्हणून ॲस्पिरिन दिलं जायचं, दिवसाला ८ ते ३१ ग्रॅमपर्यंत. आज ४ ग्रॅमच्या वर आम्ही जात नाही. त्या काळच्या काही मृत्यूंत ॲस्पिरिनच्या विषबाधेचा हात असावा असा एक तर्क आहे. सिद्ध करणं अवघड, पण मला तो अशक्य वाटत नाही. १९५२ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशात नळी घालून हाताने फुगा दाबत श्वास द्यायची पद्धत लावली आणि मेडिकलचे विद्यार्थी पाळ्या लावून तो फुगा दाबत बसले. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली. पाचच वर्षांनी, १९५७ला, एशियन फ्लू आला तेव्हा काही मोजक्या हॉस्पिटलांत ती विद्या हाताशी होती. २००९ला कामी आले ते २००३च्या सार्समध्ये शिकलेले मास्कचे धडे आणि आयसोलेशनच्या खोल्या.

घाईत आम्ही बऱ्याच गोष्टी 'करून बघू' म्हणून केल्या. टॅमिफ्लूचा दुप्पट डोस हा त्यातला एक. आजार मोठा तर डोस मोठा, हे मनाला पटतं. २०१३ला आग्नेय आशियातल्या ३२६ पेशंटवरची चाचणी आली आणि दुपटीचा काही उपयोग नाही असं निघालं. स्टेरॉइडचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २००९ला ती सढळ हाताने दिली गेली, पुढच्या निरीक्षणांत ती घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसले. पण स्टेरॉइड आधीच जास्त खालावलेल्यांनाच दिली जातात, मग दोष कुणाचा? २०२०च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने कोविडमध्ये डेक्सामेथासोनने जीव वाचतात हे दाखवलं आणि लोक फ्लूतही तेच धरून चालले. दोन विषाणू, दोन आजार. इतकी सोपी उडी मारू नये.

कोण कुठे आजारी पडला यावरही पुष्कळ ठरलं. २००९च्या शरदात एकाच अमेरिकी नियतकालिकात शेजारी शेजारी दोन लेख आले. कॅनडातल्या अत्यवस्थ पेशंटमध्ये ९० दिवसांतले मृत्यू १७.३ टक्के, मेक्सिकोतल्या पेशंटमध्ये ६० दिवसांतले ४१.४ टक्के. विषाणू तोच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये फुफ्फुस पूर्ण बसलेल्या ६८ जणांना एक्मोवर, म्हणजे रक्त बाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत देणाऱ्या यंत्रावर ठेवलं. अहवाल लिहीपर्यंत त्यांतले २१ टक्के गेले होते, बाकीचे तगले होते. व्हेंटिलेटर कुणाला द्यायचा नाही हे ठरवण्यासाठी आधीच गुणांचे तक्ते तयार होते. ते गुण ब्रिटनमधल्या काही पेशंटना मागाहून लावून बघितले, तेव्हा तक्त्याने ज्यांच्यावर काट मारली असती त्यांतले काही जण चक्क बरे होऊन गेलेले निघाले. तक्ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सत्तरीचा पेशंट होता. तिशीचं शरीर किती खोल जाऊन परत येतं, हे त्यात बसत नव्हतं.

१० ऑगस्ट २०१०ला महासाथ संपल्याचं जाहीर झालं. प्रयोगशाळेने नक्की केलेले मृत्यू सुमारे १८,५००. दोन वर्षांनी शास्त्रज्ञांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या बारा महिन्यांचा अंदाज २,८४,५०० निघाला. पंधरापटींचा फरक. जगाचे डोळे फ्लूवर लागलेले असताना एवढे केसपेपर त्याच्या नावाविना बंद झाले.

आणि मग सवय सुटली. एका दिवसात सुटली नाही. आधी स्वॅब 'संशय असेल तर' झाला, मग 'सरांना विचारून', मग रिपोर्ट आल्यावर औषध, आणि बघता बघता न्यूमोनिया परत न्यूमोनिया झाला. अमेरिकेतल्या नोंदींतही ॲडमिट झालेल्या फ्लूच्या पेशंटना अँटिव्हायरल मिळण्याचं प्रमाण महासाथीत चढलेलं आणि नंतर उतरलेलं दिसतं. विषाणू मात्र कुठे गेला नव्हता. २००९चा एच१एन१ आता नेहमीचाच फ्लू म्हणून दर मोसमात येतो आणि तशाच तिशीतल्या काही जणांना आयसीयूत आणून टाकतो.

कोविडने यात एक विचित्र भर घातली. २०२०-२१ला फ्लू जगभरातून जवळपास गायब झाला. त्याची बी/यामागाता ही शाखा तर मार्च २०२०नंतर खात्रीने कुणाला सापडलेलीच नाही. पण एका स्वॅबमध्ये कोविड, फ्लू आणि आरएसव्ही हा श्वसनाचा आणखी एक विषाणू असे तिन्ही तपासणारी पीसीआर मागे उरली, आणि ज्यांना फ्लू शोधायचाच नव्हता त्यांनाही तो सापडायला लागला. परवा आमच्या रेसिडेंटने हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा रिपोर्ट दाखवला. "सर, कोविड निगेटिव्ह आहे. फ्लू ए पॉझिटिव्ह आलाय, पण तो इन्सिडेंटल असणार." मी विचारलं, कशावरून? तो गप्प. टॅमिफ्लू त्या दुपारी सुरू झालं.

२००९ला चाचण्यांच्या परवानगीचे कागद पूर्ण होईपर्यंत लाट ओसरली होती. ती चुटपुट मनात ठेवून काही मंडळींनी न्यूमोनियाच्या पेशंटसाठी रीमॅप-कॅप ही कायम चालू राहणारी चाचणी उभी केली. कोविडमध्ये ती तयारच होती. तिच्यात आणि रिकव्हरीत आता फ्लूसाठीही शाखा आहेत. वीसपंचवीस वर्षं वापरात असलेलं टॅमिफ्लू ॲडमिट झालेल्या पेशंटला खरोखर किती वाचवतं, हा साधा प्रश्न तिथे शेवटी, औषध कुणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवत, विचारला जातोय. अडचण एकच आहे. चाचणीत पेशंट घ्यायचा तर त्याला फ्लू आहे हे आधी कुणीतरी तपासलेलं असावं लागतं.